शिवाजी सावंत

शिवाजी गोविंदराव सावंत (३१ ऑगस्ट, इ.स. १९४० : आजरा, कोल्हापूर जिल्हा, महाराष्ट्र - १८ सप्टेंबर, इ.स. २००२ : मडगाव, गोवा) हे मराठी कादंबरीकार होते. महाभारतातील कर्णाच्या जीवनावरील 'मृत्युंजय' (इ.स. १९६७) या कादंबरीमुळे ते 'मृत्युंजयकार' म्हणून ओळखले जातात. छत्रपती संभाजी महाराजांवरील 'छावा' (इ.स. १९७९) आणि श्रीकृष्णावरील 'युगंधर' (इ.स. २०००) या त्यांच्या अन्य गाजलेल्या कादंबऱ्या होत. 'मृत्युंजय'साठी त्यांना इ.स. १९९४ चा भारतीय ज्ञानपीठाचा मूर्तिदेवी पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले मराठी लेखक होत.

मराठीत सर्वाधिक वाचल्या गेलेल्या कादंबरीकारांत सावंतांची गणना होते. मात्र अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले नाही. कराड येथे भरणाऱ्या ७६व्या संमेलनाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ते उमेदवार होते आणि प्रचारासाठी गोव्यात गेले असताना त्यांचे निधन झाले.

बालपण आणि शिक्षण

सावंतांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील आजरा या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे शालेय शिक्षण आजऱ्यातच झाले. तरुणपणी ते कबड्डी खेळत असत. शाळेत असताना कर्णाच्या जीवनावरील एका नाटकात त्यांनी श्रीकृष्णाची भूमिका केली होती. त्याच सुमारास हिंदी कवी केदारनाथ मिश्र 'प्रभात' यांचे 'कर्ण' हे खंडकाव्य त्यांच्या वाचनात आले. कर्णाविषयीच्या ओढीचे मूळ या शालेय वयातील अनुभवांत सापडते.

बी.ए.च्या पहिल्या वर्षानंतर त्यांनी महाविद्यालयीन शिक्षण सोडून वाणिज्य शाखेतील पदविका घेतली आणि टंकलेखन व लघुलेखन यांचे शिक्षण घेतले. त्यांच्या पिढीतील अनेक ग्रामीण तरुणांनी नोकरीसाठी हाच मार्ग पत्करला होता.

नोकरी

सावंतांनी आरंभी न्यायालयात कारकून म्हणून काम केले. ती नोकरी सोडून ते इ.स. १९६२ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम प्रशालेत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि इ.स. १९७४ पर्यंत तेथे होते. 'मृत्युंजय'चे लेखन याच काळात झाले. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांचे वय सत्तावीस वर्षांचे होते.

इ.स. १९७४ मध्ये ते पुण्यास स्थायिक झाले. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण खात्याच्या 'लोकशिक्षण' या मासिकाचे त्यांनी प्रथम सहसंपादक व नंतर संपादक म्हणून इ.स. १९८० पर्यंत काम पाहिले. इ.स. १९८३ मध्ये त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि त्यानंतर पूर्ण वेळ लेखनाला दिला. 'मृत्युंजय' आणि 'छावा' या दोन्ही कादंबऱ्या त्याआधीच प्रसिद्ध झालेल्या होत्या, म्हणजे त्यांचे सर्वाधिक खपलेले लेखन नोकरी सांभाळून झाले होते.

मृत्युंजय

पार्श्वभूमी

इ.स.च्या विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकाच्या अखेरीपासून मराठीत महाभारताच्या पुनर्वाचनाला विशेष जोर आला होता. वि.स. खांडेकरांची 'ययाति' इ.स. १९५९ मध्ये आणि दुर्गा भागवतांचे 'व्यासपर्व' इ.स. १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने इ.स. १९१९ मध्ये हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम इ.स. १९६६ मध्ये पूर्णत्वास गेले. पुढच्याच वर्षी, इ.स. १९६७ मध्ये, इरावती कर्वे यांचे 'युगान्त' आणि सावंतांची 'मृत्युंजय' ही पुस्तके प्रसिद्ध झाली. कर्वे यांनी महाभारतातील व्यक्तींकडे समाजशास्त्रज्ञाच्या अलिप्त दृष्टीने पाहिले, तर सावंतांनी एका व्यक्तीच्या अंतरंगात शिरून तिची बाजू मांडली. एकाच वर्षी आलेल्या या दोन पुस्तकांतून महाभारत वाचण्याच्या दोन वेगळ्या रीती मराठी वाचकांसमोर आल्या.

लेखन आणि प्रकाशन

कादंबरीच्या तयारीसाठी सावंतांनी महाभारत आणि त्यावरील ग्रंथांचा अभ्यास केला, तसेच कुरुक्षेत्राच्या परिसरात जाऊन प्रत्यक्ष पाहणी केली. कवी ग.दि. माडगूळकर यांनी सावंतांचा परिचय पुण्याच्या कॉन्टिनेन्टल प्रकाशनाचे अनंतराव कुलकर्णी यांच्याशी करून दिला. नवख्या लेखकाची ही प्रदीर्घ कादंबरी कुलकर्णी यांनी इ.स. १९६७ मध्ये प्रसिद्ध केली. मुखपृष्ठ चित्रकार दीनानाथ दलाल यांचे होते. त्याच वर्षीचा महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार कादंबरीला मिळाला. तेव्हापासून तिच्या आवृत्त्या सातत्याने निघत आल्या आहेत.

रचना

'मृत्युंजय' ही आत्मनिवेदनात्मक कादंबरी आहे. तिचे नऊ भाग असून कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण अशा सहा व्यक्ती ते निवेदन करतात. नऊपैकी चार भाग कर्णाच्या तोंडी आहेत, तर उरलेल्या पाच व्यक्तींकडे प्रत्येकी एक भाग आहे. अखेरचा भाग श्रीकृष्णाचा आहे.

अनेक निवेदकांचे हे तंत्र मराठीत सावंतांच्या आधी खांडेकरांनी 'ययाति'त वापरले होते. तेथे ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने कथा सांगतात. सावंतांनी निवेदकांची संख्या वाढवली आणि सर्वांना एकाच नायकाभोवती उभे केले. कर्णाच्या जन्माचे रहस्य कुंतीला आरंभापासून ठाऊक असते, श्रीकृष्णाला ठाऊक असते, परंतु स्वतः कर्णाला ते युद्धाच्या उंबरठ्यावर कळते. कुंतीचे निवेदन मध्येच आल्यामुळे वाचकाला कर्णाच्या आधी सत्य समजते आणि त्यानंतरचा प्रत्येक अपमान वाचकाला अधिक बोचतो. दुर्योधनाच्या भागामुळे कर्णाला मिळालेल्या मैत्रीमागचा राजकीय हिशेबही उघड होतो. पत्नी वृषाली आणि भाऊ शोण यांच्या निवेदनांतून कर्णाचे घर दिसते. एरवी रणांगणावर आणि राजसभेत भेटणारा हा योद्धा तेथे पती आणि थोरला भाऊ म्हणून समोर येतो.

कादंबरीची भाषा संस्कृतप्रचुर, अलंकृत आणि भावनेने भारलेली आहे. सूर्य, गंगा, अश्व आणि कवचकुंडले या प्रतिमा तिच्यात वारंवार येतात. मोठ्याने वाचली असता ठसणारी लय हे या गद्याचे वैशिष्ट्य मानले जाते.

मूळ महाभारत आणि कादंबरी

'मृत्युंजय' ही कादंबरी आहे, महाभारताचा अनुवाद नव्हे. तरीही मराठी वाचकांच्या मनातील कर्ण बऱ्याच अंशी तिनेच घडवला असल्याने मूळ ग्रंथ आणि कादंबरी यांतील अंतर हा अभ्यासाचा विषय ठरला आहे.

महाभारतातील कर्ण दानशूर, पराक्रमी आणि मित्राशी एकनिष्ठ आहे. तसाच तो द्यूतसभेत द्रौपदीचा अपमान करणारा, बढाईखोर आणि काही युद्धप्रसंगी पराभव पत्करणारा योद्धाही आहे. कादंबरीत पहिली बाजू प्रकर्षाने येते. दुसऱ्या बाजूला जन्मापासून वाट्याला आलेल्या अवहेलनेची पार्श्वभूमी मिळते आणि तिची धार बोथट होते.

द्रौपदीच्या स्वयंवराचा प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सूतपुत्राला वरणार नाही, असे सांगून द्रौपदी कर्णाला नाकारते, ही कथा लोकपरंपरेत खोलवर रुजलेली आहे आणि कर्णावरील बहुतेक आधुनिक साहित्य तिच्यावर उभे आहे. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने मात्र द्रौपदीचे हे वचन मूळ संहितेत स्वीकारलेले नाही. हस्तलिखितांच्या तुलनेत ते नंतरची भर ठरल्याने त्याला तळटीपेत स्थान दिले आहे. कादंबरीकाराने संशोधित संहितेपेक्षा लोकमनातील कथेचा आधार घेतला, असे यावरून दिसते.

कर्णाच्या पत्नीचा विलाप महाभारताच्या स्त्रीपर्वात येतो, पण तेथे तिचे नाव दिलेले नाही. कादंबरीने तिला वृषाली या नावाने एक संपूर्ण भाग दिला आणि हे नाव मराठी घरांत परिचित केले. अधिरथ आणि राधा यांच्या घरातील माणसांनाही मूळ ग्रंथात फारसा आवाज नाही. शोणाच्या निवेदनातून सूतवस्तीतील जीवनाचे जे चित्रण येते, ते बहुतांशी सावंतांच्या कल्पनेतून आलेले आहे.

जन्माने ठरणारी योग्यता आणि कर्तृत्वाने मिळवलेली योग्यता यांतील संघर्ष हा कादंबरीचा गाभा आहे. गुण असूनही कुळ विचारले जाते, हा अनुभव महाराष्ट्रातील अनेक वाचकांना परका नव्हता. ग्रामीण भागातून पहिल्यांदाच शिकून पुढे येणाऱ्या पिढीला कर्ण आपला वाटला, हे कादंबरीच्या दीर्घ लोकप्रियतेचे एक कारण सांगितले जाते.

अनुवाद आणि रूपांतरे

'मृत्युंजय'चा हिंदी अनुवाद ओम शिवराज यांनी केला. तो भारतीय ज्ञानपीठाने इ.स. १९७४ मध्ये प्रसिद्ध केला आणि हिंदी वाचकांतही अत्यंत लोकप्रिय ठरला. अनेक हिंदी वाचक ही कादंबरी मूळ हिंदीतील आहे असे समजून वाचतात. इंग्रजी अनुवाद पी. लाल आणि नंदिनी नोपानी यांनी केला असून तो कोलकात्याच्या रायटर्स वर्कशॉपने इ.स. १९८९ मध्ये प्रकाशित केला. यांशिवाय गुजराती, कन्नड, मल्याळम, बंगाली आदी भाषांतही कादंबरी अनुवादित झाली आहे. तिचे नाट्यरूपांतरही रंगभूमीवर आले.

छावा

'छावा' ही छत्रपती संभाजी महाराजांच्या (इ.स. १६५७ - इ.स. १६८९) जीवनावरील चरित्रात्मक कादंबरी इ.स. १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या बखरी, नाटके आणि लोकप्रिय कथनांतून संभाजी महाराजांची प्रतिमा व्यसनी आणि बेजबाबदार राजपुत्राची अशी रंगवली गेली होती. वा.सी. बेंद्रे यांनी दीर्घ संशोधनानंतर इ.स. १९६० मध्ये प्रसिद्ध केलेले चरित्र आणि कमल गोखले यांचा 'शिवपुत्र संभाजी' (इ.स. १९७१) हा ग्रंथ यांनी त्या प्रतिमेला साधार उत्तर दिले. परंतु संशोधनग्रंथांचा वाचक मर्यादित असतो. इतिहासकारांनी केलेली ही दुरुस्ती सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोचवण्यात 'छावा'चा मोठा वाटा आहे.

कर्ण आणि संभाजी महाराज या दोन नायकांत लेखकाच्या दृष्टीने साम्य आहे. दोघेही पराक्रमी, दोघांवरही आप्तांच्या जगात अन्याय झालेला आणि दोघांचाही शेवट दारुण. बदनाम किंवा दुर्लक्षित नायकाची बाजू मांडणे हे सावंतांच्या लेखनाचे सूत्र 'छावा'तही कायम राहिले. कादंबरीला इ.स. १९८० चा महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला.

या कादंबरीवर आधारित 'छावा' हा हिंदी चित्रपट १४ फेब्रुवारी, इ.स. २०२५ रोजी प्रदर्शित झाला. लक्ष्मण उतेकर यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात विकी कौशल यांनी संभाजी महाराजांची, रश्मिका मंदाना यांनी येसूबाईंची आणि अक्षय खन्ना यांनी औरंगजेबाची भूमिका केली. त्या वर्षी सर्वाधिक उत्पन्न मिळवणाऱ्या हिंदी चित्रपटांत त्याचा समावेश होतो. प्रदर्शनापूर्वी संभाजी महाराज लेझीम खेळत असल्याच्या दृश्यावर आक्षेप घेतले गेले व ते दृश्य वगळण्यात आले. प्रदर्शनानंतर गणोजी व कान्होजी शिर्के यांच्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली. त्यावर दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली आणि चित्रपट सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला असल्याचे स्पष्ट केले. ऐतिहासिक कादंबरीला लोक इतिहास म्हणून स्वीकारतात तेव्हा लेखकाच्या स्वातंत्र्याची सीमा कोठे मानावी, हा जुनाच प्रश्न यानिमित्ताने पुन्हा चर्चेत आला.

युगंधर

श्रीकृष्णाच्या जीवनावरील 'युगंधर' ही कादंबरी इ.स. २००० मध्ये, म्हणजे 'मृत्युंजय'नंतर तेहेतीस वर्षांनी प्रसिद्ध झाली. रचनेच्या दृष्टीने ती 'मृत्युंजय'चीच पद्धत पुढे नेते. श्रीकृष्ण, रुक्मिणी, दारुक, द्रौपदी, अर्जुन, सात्यकी आणि उद्धव असे सात निवेदक तिच्यात आहेत. सारथी दारुकासारख्या दुय्यम व्यक्तीला निवेदक करण्यात कादंबरीकाराची नजर दिसते. कृष्णाला घोडे हाताळताना आणि थकून रथात बसताना दारुकाने पाहिलेले असते.

श्रीकृष्णाभोवती साचलेली चमत्कारांची आवरणे दूर करून त्याला मानवी पातळीवर समजून घेणे, हा लेखकाचा हेतू होता. भक्तिपरंपरेत वाढलेल्या वाचकांसमोर असे चित्रण ठेवणे कर्णाच्या चित्रणापेक्षा अवघड होते. कर्णाची बाजू मांडायची राहिली होती, पण कृष्णाची बाजू मांडणारी परंपरा मात्र शतकानुशतकांची होती. 'युगंधर'लाही मोठा वाचकवर्ग लाभला, तरी लोकप्रियतेत 'मृत्युंजय'चे स्थान अबाधित राहिले.

इतर लेखन

सावंतांनी समकालीन व्यक्तींवरही चरित्रात्मक लेखन केले. सहकारी साखर कारखानदारीचे एक प्रवर्तक विठ्ठलराव विखे पाटील यांच्या जीवनावरील 'लढत' ही कादंबरी त्यांपैकी प्रमुख आहे. ती दोन भागांत आहे. पौराणिक आणि ऐतिहासिक नायकांवर लिहिणाऱ्या लेखकाने प्रवरा परिसरातील शेतकरी आणि सहकार चळवळ यांच्याकडे वळणे, हे त्यांच्या लेखनातील वेगळे पाऊल होते. व्यक्तिचित्रे आणि ललित लेख असे लेखनही त्यांनी केले, परंतु वाचकांत त्यांची ओळख मुख्यतः तीन मोठ्या कादंबऱ्यांशी जोडलेली राहिली.

साहित्यसंस्था आणि संमेलने

इ.स. १९८३ मध्ये बडोदे येथे झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे सावंत अध्यक्ष होते. हे संमेलन अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाहून वेगळे होते. इ.स. १९९५ पासून ते महाराष्ट्र साहित्य परिषदेचे उपाध्यक्ष होते.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाची निवड त्या काळी निवडणुकीने होत असे. साहित्य महामंडळाच्या घटक संस्था, संलग्न संस्था आणि निमंत्रक संस्था यांनी ठरवलेले मर्यादित मतदार मतपत्रिकांद्वारे मतदान करीत. हे मतदार महाराष्ट्रभर आणि गोव्यासह महाराष्ट्राबाहेरही विखुरलेले असल्याने उमेदवार लेखकांना गावोगाव जाऊन भेटीगाठी घ्याव्या लागत. अनेक मान्यवर लेखक या कारणाने निवडणुकीपासून दूर राहिले. लाखो वाचकांचा लेखक आणि शेकड्यांत मोजले जाणारे मतदार, असे व्यस्त प्रमाण या पद्धतीत होते.

इ.स. २००३ च्या कराड संमेलनासाठी सावंतांनी निवडणूक लढवण्याचे ठरवले. या प्रचारासाठी गोव्यात असताना १८ सप्टेंबर, इ.स. २००२ रोजी मडगाव येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. कराड संमेलनाचे अध्यक्षपद पुढे सुभाष भेंडे यांनी भूषवले.

निवडणुकीच्या पद्धतीविषयी त्यानंतरही अनेक वर्षे वाद होत राहिले. अखेर इ.स. २०१८ मध्ये महामंडळाने घटनादुरुस्ती करून निवडणूक रद्द केली आणि अध्यक्षाची सन्मानाने निवड करण्याची पद्धत स्वीकारली. या पद्धतीने पहिल्यांदा अरुणा ढेरे यांची यवतमाळ येथील ९२व्या संमेलनासाठी (जानेवारी, इ.स. २०१९) निवड झाली. त्यानंतर १० ते १२ जानेवारी, इ.स. २०२० या काळात उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे ९३वे संमेलन भरले. त्याच्या अध्यक्षपदी ख्रिस्ती धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची अशीच एकमताने निवड झाली. मराठवाड्यातील या संमेलनाच्या अध्यक्षाला मतांसाठी दारोदार फिरावे लागले नाही. ही सोय सावंतांच्या वाट्याला आली नाही.

नवी दिल्ली येथे फेब्रुवारी, इ.स. २०२५ मध्ये झालेल्या ९८व्या संमेलनाच्या उद्घाटनप्रसंगी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'छावा' चित्रपटाचा उल्लेख करून संभाजी महाराजांच्या शौर्याचा परिचय या रूपात घडवण्याचे श्रेय सावंतांच्या कादंबरीला दिले. तारा भवाळकर या त्या संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. ज्या संमेलनाचे अध्यक्षपद सावंतांना लाभले नाही, त्याच्याच व्यासपीठावरून मृत्यूनंतर बावीस वर्षांनी त्यांच्या कादंबरीचा असा गौरव झाला.

समीक्षा

सावंतांच्या लेखनाविषयी वाचक आणि समीक्षक यांच्या प्रतिक्रिया बऱ्याच भिन्न राहिल्या आहेत. 'मृत्युंजय'च्या चार वर्षे आधी भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (इ.स. १९६३) प्रसिद्ध झाली होती आणि मराठी कादंबरीच्या समीक्षेचा कल वास्तववादी, समकालीन आणि प्रयोगशील लेखनाकडे वळू लागला होता. या दृष्टीतून पौराणिक आणि ऐतिहासिक कादंबरी ही स्मरणरंजनात रमणारी, व्यक्तिपूजक आणि वर्तमानापासून पळ काढणारी ठरवली गेली. अलंकारांचा अतिरेक, नायकाचे उदात्तीकरण, निरनिराळ्या निवेदकांच्या भाषेत पुरेसा फरक नसणे आणि प्राचीन काळावर आधुनिक भावना लादणे हे आक्षेप प्रामुख्याने घेतले जातात.

शेवटच्या दोन आक्षेपांत तथ्य आहे, असे कादंबरीचे चाहतेही मान्य करतात. दुर्योधन आणि वृषाली यांची भाषा एकमेकांच्या बरीच जवळची आहे. दुसऱ्या बाजूने असेही म्हटले जाते की, महाभारताची परंपराच प्रत्येक काळात नव्याने सांगण्याची आहे आणि सावंतांनी आपल्या काळाचा प्रश्न कर्णाच्या तोंडी घातला. ज्यांनी पूर्वी एकही जाड पुस्तक वाचले नव्हते, अशा असंख्य वाचकांना 'मृत्युंजय'ने वाचनाची गोडी लावली, ही बाब विरोधकांनीही फारशी नाकारलेली नाही. सावंतांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला नाही. खांडेकरांच्या 'ययाति'ला तो इ.स. १९६० मध्ये मिळाला होता आणि इ.स. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कारही खांडेकरांना लाभला.

प्रभाव

'मृत्युंजय'नंतर महाभारतातील व्यक्तींच्या दृष्टीने कथा सांगणाऱ्या अनेक महत्त्वाच्या कादंबऱ्या भारतीय भाषांत आल्या. मराठीत रणजित देसाई यांनी कर्णावरच 'राधेय' (इ.स. १९७३) लिहिली. कन्नडमध्ये एस.एल. भैरप्पा यांची 'पर्व' (इ.स. १९७९), मल्याळममध्ये एम.टी. वासुदेवन नायर यांची भीमावरील 'रंडामूळम' (इ.स. १९८४) आणि ओडियामध्ये प्रतिभा राय यांची द्रौपदीवरील 'याज्ञसेनी' (इ.स. १९८४) या त्यांपैकी काही होत. या लेखकांची दृष्टी सावंतांहून वेगळी आहे. भैरप्पा आणि नायर यांनी महाभारताला दैवी अंशापासून पूर्णपणे मुक्त केले. सावंतांचा कर्ण सूर्यपुत्रच राहतो आणि त्याची कवचकुंडले खरीच असतात.

एकविसाव्या शतकात अमीश त्रिपाठी यांच्या शिवत्रयीने (पहिला भाग, इ.स. २०१०) पौराणिक कादंबरीला इंग्रजी पुस्तकांच्या बाजारपेठेत मोठे स्थान मिळवून दिले. त्यांच्या पुस्तकांचे मराठी अनुवादही वाचले जातात. त्रिपाठी पुराणकथेतील व्यक्ती घेऊन नवे, बऱ्याच अंशी काल्पनिक जग उभारतात. सावंतांचा आधार मात्र वाचकाला आधीच ठाऊक असलेली कथा हाच होता. शेवट ठाऊक असूनही वाचक थांबत नाही, यातच त्यांच्या कथनाचे बळ होते. शिवत्रयीला आधुनिक जाहिरातीची जोड मिळाली. 'मृत्युंजय' मात्र प्रामुख्याने सार्वजनिक ग्रंथालये, शाळा-महाविद्यालयांतील बक्षिसे आणि एका वाचकाने दुसऱ्याला केलेली शिफारस यांतून पसरली.

पुरस्कार आणि सन्मान

महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार - 'मृत्युंजय' (इ.स. १९६७)
न.चिं. केळकर पुरस्कार - 'मृत्युंजय' (इ.स. १९७२)
'ललित' मासिकाचा पुरस्कार - 'मृत्युंजय' (इ.स. १९७३)
महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार - 'छावा' (इ.स. १९८०)
भारतीय ज्ञानपीठाचा मूर्तिदेवी पुरस्कार - 'मृत्युंजय' (इ.स. १९९४)
फाय फाउंडेशन पुरस्कार (इ.स. १९९६)
पुणे विद्यापीठाचा जीवनसाधना पुरस्कार (इ.स. २०००)

सावंतांच्या स्मरणार्थ आजरा येथे त्यांच्या नावाने साहित्य पुरस्कार दिला जातो.

प्रकाशित साहित्य

कादंबऱ्या
मृत्युंजय (इ.स. १९६७)
छावा (इ.स. १९७९)
लढत (दोन भाग)
संघर्ष
युगंधर (इ.स. २०००)

ललित व अन्य लेखन
अशी मने असे नमुने
मोरावळा
शेलका साज
कांचनकण
कवडसे

हे सुद्धा पहा

कर्ण
ययाति (कादंबरी)
राधेय
युगान्त
महाभारताची चिकित्सक आवृत्ती
अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन
मूर्तिदेवी पुरस्कार